चारशे वर्षांपूर्वीचं इस्फहान कानांना कसं वाटायचं?

इराणमधल्या इस्फहान शहरातून वाहणारी झायंदेरूद नदी हल्ली वर्षातला बराच काळ कोरडी असते. दुष्काळ पडले, शेती आणि कारखान्यांनी पाणी उपसलं, काही पाणी दुसऱ्या शहरांकडे वळवलं गेलं. नोव्हेंबर 2021 मध्ये हजारो शेतकरी आणि शहरातली माणसं तिच्या भेगाळलेल्या पात्रात उतरून पाणी मागत होती, ते फोटो आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही आले होते. अधूनमधून वरच्या धरणातून पाणी सोडलं जातं. ते शहरात पोहोचलं की जुन्या पुलांवर माणसांची झुंबड उडते.

पाणी बघायला माणसं जातात हे सहज समजतं. पण ज्यांनी ती नदी वाहताना अनुभवली आहे ते तिचा आवाजही शोधत येतात. 1650 साली बांधलेल्या ख्वाजू पुलाच्या खालच्या पायऱ्यांवर बसलं की कमानींमधून पडणारं पाणी इतक्या जवळून ऐकू येतं, की शेजाऱ्याशी बोलायला आवाज चढवावा लागतो. नदी आटली तेव्हा हा आवाज गेला. शहराचा इतिहास लिहिताना आपण राजे, लढाया आणि इमारतींची नोंद घेतो, आवाजाची घेत नाही. एका जुन्या शहराचे आवाज खरंच कळू शकतात का, आणि कळले तर त्यातून काय हाती लागतं, हे या लेखात पाहू.

आधी एक शब्द: ध्वनिपरिसर

एखाद्या ठिकाणी राहणाऱ्या माणसाच्या कानावर दिवसभरात जे जे पडतं, त्या सगळ्याला मिळून ध्वनिपरिसर म्हणतात. त्यात संगीत येतं, गोंगाट येतो, पक्षी, पाऊस, भांडणं, फेरीवाल्यांच्या आरोळ्या सगळं येतं. ही कल्पना कॅनडाचे संगीतकार मरी शेफर यांनी 1970च्या दशकात रुजवली. त्यांचं म्हणणं असं, की जमिनीला जसा नकाशा असतो तसा आवाजालाही असतो. कोणता आवाज कुठून येतो, कुठवर पोहोचतो, तो काढायचा हक्क कोणाला आहे आणि तो ऐकून लोक काय करतात, हे सगळं त्या नकाशात मांडता येतं.

यातला हक्काचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्या काळात घड्याळं घरोघरी नव्हती, वर्तमानपत्रं नव्हती, भोंगे नव्हते, त्या काळात शहराचा कारभार बऱ्याच अंशी कानांवर चालायचा. वेळ, बातमी, हुकूम, सण, सुतक हे सारं आधी ऐकू यायचं.

इस्फहानच का?

1598 मध्ये इराणवर राज्य करणाऱ्या सफवी घराण्यातल्या शाह अब्बासने आपली राजधानी इस्फहानला आणली आणि जुन्या शहराच्या शेजारी जवळजवळ नवं शहर वसवलं. मधोमध नक्श-ए-जहान हा चौक, सुमारे 560 मीटर लांब आणि 160 मीटर रुंद. त्याच्या उत्तरेला कैसरिया बाजाराचा दरवाजा, दक्षिणेला शाही मशीद, पश्चिमेला आली कापू हा महाल आणि पूर्वेला शेख लुत्फुल्ला मशीद. म्हणजे व्यापार, धर्म आणि सत्ता एकाच मैदानाकडे तोंड करून उभ्या. एकाचा आवाज दुसऱ्याच्या कानावर पडल्याशिवाय राहणं शक्यच नव्हतं.

झाँ शार्दां नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या 1660 आणि 1670च्या दशकांत इथे राहिला. त्याला फारसी उत्तम येत होती आणि मोजदादीचं वेड होतं. त्याच्या हिशोबाने शहरात 162 मशिदी, 48 मदरसे, 1802 कारवानसराया आणि 273 हमामखाने होते. आकडे थोडे इकडेतिकडे असतील. पण ते आवाजाच्या दृष्टीने वाचून पाहा: 162 ठिकाणांहून अजान आणि अठराशे सरायांत उतरणारे, उठणारे उंटांचे तांडे, प्रत्येक तांड्याच्या गळ्यात घंटा.

रेकॉर्डिंग नव्हतं, मग कळतं कसं?

हा पहिला आक्षेप, आणि रास्त आहे. उत्तर तीन ठिकाणी सापडतं.

पहिलं म्हणजे लिहून ठेवलेलं. दरबारी इतिहासकारांनी लिहिलं, परदेशी प्रवाशांनीही लिहिलं. रोमचा पिएत्रो देल्ला वाल्ले 1617 मध्ये इथे आला (हाच पुढे सुरत आणि गोव्यालाही गेला), शार्दांचं नाव वर आलंच, जर्मन वैद्य एंगेलबर्ट केम्फर 1680च्या दशकात आला. दुसरं म्हणजे इमारती. चौक, मशिदी आणि बाजार अजून उभे आहेत आणि आवाजाचे नियम चारशे वर्षांत बदललेले नाहीत. 22 अंश तापमानाच्या हवेत आवाज सेकंदाला 344 मीटर जातो, तेव्हाही तेवढाच जात होता. घुमटाखाली आज टाळी वाजवली तर जे ऐकू येतं, तेच शाह अब्बासाच्या नातवंडांनीही ऐकलं. तिसरं म्हणजे आजही चालू असलेल्या रीती. चौकाच्या आसपास तांबटांची ठकठक अजून ऐकू येते. मशहद शहरात इमाम रझा दर्ग्याच्या नगारखान्यात सूर्योदयाआधी आणि सूर्यास्ताआधी आजही नगारे आणि कर्णे वाजतात.

परदेशी माणसाच्या लिहिण्यावर भिस्त ठेवण्यात एक धोका आहे, तो लक्षात घ्यायला हवा. परक्याच्या कानाला जे वेगळं वाटतं तेच तो लिहितो. रोजचं, सगळीकडे सारखंच असलेलं त्याच्या वहीत येत नाही. म्हणून प्रवाशाचं वर्णन, इमारतीची मोजमापं आणि जिवंत रीत या तिघांची साक्ष जुळते तिथेच इतिहासकार जरा ठामपणे बोलतात.

पहाट: शिंग आणि अजान

इराणी शहरांत दिवसाची सुरुवात बऱ्याचदा हमामखान्याच्या शिंगाने व्हायची. उजाडण्याआधी हमामाचा माणूस शिंग फुंकायचा. त्याचा अर्थ, पाणी तापलं आहे, या. नमाजाआधी आंघोळ करायची असणाऱ्यांना ही सूचना फार मोलाची. ज्या शहरात शेकड्यांनी हमामखाने, तिथे हे शिंग एकीकडून सुरू होऊन मोहल्ल्यामोहल्ल्यातून पुढे जात असणार.

त्यामागोमाग अजान. आज आपल्याला भोंग्याची सवय झाली आहे, त्यामुळे तेव्हाची अजान कशी असेल याचा अंदाज चुकतो. माणसाच्या उघड्या गळ्याला मर्यादा आहे. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. दोनशे मीटरवर जो शब्द स्पष्ट कळतो तो चारशे मीटरवर नुसता सूर होतो. म्हणजे एका मोठ्या अजानेऐवजी शहरात खूपशा लहान अजाना असायच्या, आणि त्या एकाच क्षणी सुरूही होत नसत.

शाही मशिदीत एक तपशील दिसतो तो विलक्षण आहे. तिला उंच देखणे मिनार आहेत, पण अजान द्यायची जागा निराळी आहे. पश्चिमेकडच्या मोठ्या कमानीच्या माथ्यावर लाकडी छपराची एक छोटी चौकी आहे, तिला गुलदस्ता म्हणतात. शार्दां याचं कारण देतो, की मिनारावर चढलेल्या माणसाला आजूबाजूच्या घरांची अंगणं आणि त्यात वावरणाऱ्या बायका दिसल्या असत्या. आवाज दूरवर जावा म्हणून उंची हवी, आणि नजर अंगणात पडू नये म्हणून उंची नको. शहराने मधली उंची पत्करली.

सूर्यास्त: नगारा कोणाचा?

कैसरिया बाजाराच्या भव्य दरवाजाच्या दोन्ही अंगांना सज्जे आहेत. तो नगारखाना. संध्याकाळी सूर्य मावळताना तिथे नगारे, सनईच्या जातीचा सुरना आणि माणसाच्या उंचीएवढे लांब कर्णे वाजायचे. युरोपीय प्रवासी या वादनावर वैतागलेले दिसतात. हे संगीत आहे की कल्लोळ, असा त्यांचा सूर असतो. पण त्यांनी ते चुकीच्या मापाने मोजलं. दिवाणखान्यातल्या मैफलीसाठी नव्हतंच ते. 560 मीटर लांबीचं मैदान भरून टाकायचं तर तार, तंतू आणि गळा कामाचा नाही, तिथे चामडं आणि पितळच लागतं.

थोडं गणित करू. उत्तरेच्या सज्ज्यात नगाऱ्यावर टिपरू पडलं, तर दक्षिणेच्या मशिदीच्या दारात उभ्या माणसाला ते दीड सेकंदाहूनही उशिरा ऐकू येणार. लय जलद असेल तर तेवढ्यात वादकाने पुढचे कितीतरी ठोके वाजवलेले असतात. चौकाला चारही बाजूंनी दुमजली कमानींच्या भिंती आहेत, त्यांच्यावर आपटून आवाज परत येतो आणि मूळ आवाजात मिसळतो. लांब उभ्या माणसाला स्वरांची बारीक नक्षी ऐकू येणं अवघडच. त्याला कळायचं इतकंच, की दिवस संपला, आणि इथे शाह आहे.

कारण नगारखाना हा मानाचा विषय होता. कोणीही उठून नगारा ठेवू शकत नसे. राजाच्या किंवा त्याच्या सुभेदाराच्या दारीच तो वाजायचा. हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. रायगडावर राजसभेसमोर नगारखान्याचा दरवाजा उभा आहे, शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर नगारखाना आहे, आणि आपल्या मोठ्या देवस्थानांत चौघडा अजून झडतो. ही रीत इराणपासून दख्खनपर्यंत पसरलेल्या एकाच दरबारी संस्कृतीची आहे. राजाचा अंमल कुठवर चालतो हे सीमेवरच्या दगडाने कळायचं, तसंच नगाऱ्याच्या टप्प्यानेही.

न वाजणारी घंटा

याच कैसरिया दरवाजाशी जोडलेली आणखी एक गोष्ट आहे, आणि तिचा धागा थेट गोव्यापर्यंत येतो. 1622 मध्ये शाह अब्बासाच्या फौजेने इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांच्या मदतीने होर्मुझ बेट पोर्तुगीजांकडून घेतलं. होर्मुझचा कारभार तोवर गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली चालायचा. लुटीत तोफा मिळाल्या आणि एका ख्रिस्ती प्रार्थनास्थळाची मोठी घंटाही. तोफा चौकात महालासमोर मांडल्या गेल्या. घंटा बाजाराच्या दरवाजावर टांगली गेली, असं प्रवासी लिहितात.

ती टांगण्याचा हेतू स्पष्ट होता. होर्मुझच्या बेटावर जिच्या आवाजाने पोर्तुगीज वसाहतीचा दिवस चालायचा, ती घंटा आता दुसऱ्या राजाच्या नगारखान्याशेजारी मुकी लटकते आहे. पाडाव झालेल्या शत्रूचा झेंडा खाली ठेवतात, तसा इथे शत्रूचा आवाज ठेवला होता.

पण म्हणून इस्फहानात ख्रिस्ती आवाज बंद होते असं नाही. 1604 ते 1606च्या दरम्यान अब्बासने अरास नदीकाठच्या जुल्फा गावातले आर्मेनियन व्यापारी सक्तीने हलवून झायंदेरूदच्या दक्षिण तीरावर वसवले. ती वस्ती म्हणजे नवं जुल्फा. तिथे त्यांना चर्च बांधायची मुभा होती. आजचं वांक कॅथेड्रल 1664 मध्ये पुरं झालं आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच्या दारी घंटेचा मनोरा उभा राहिला. नदीच्या पलीकडे घंटा आणि अलीकडे अजान, मधे पाण्याचा रुंद पट्टा. ही मांडणी राजकीय होती. व्यापार जवळ हवा होता, घंटा दूर हवी होती.

घुमट का घुमतो?

आता भिंतींकडे वळू. इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. आवाज जाऊन आपटून स्वतंत्रपणे परत ऐकू आला तर तो प्रतिध्वनी. आवाज इकडून तिकडून इतक्या वेळा आपटला की वेगळा ओळखू येत नाही, नुसता रेंगाळत राहतो, तर तो निनाद. नवीन घरात सामान हलवण्याआधी रिकाम्या खोलीत बोलून पाहा. आवाज खणखणतो. गाद्या, पडदे, कपाटं आली की तीच खोली शांत होते. कापूस, कापड आणि माती आवाज पितात. दगड, चुना आणि चकचकीत फरशी तो परतवतात.

शाही मशिदीचा मुख्य घुमट आतून कौलांसारख्या चकाकत्या निळ्या टाइल्सनी मढवलेला आहे, म्हणजे आवाज परतवणारा. त्याची आतली उंची सुमारे 38 मीटर. बरोबर मध्यबिंदूखाली उभं राहून टाळी वाजवली, तर आवाज वर जाऊन खाली यायला एक पंचमांश सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. आपल्या कानाला दोन आवाज वेगळे कळायला एक दशांश सेकंद पुरतो. म्हणून इथे स्वच्छ प्रतिध्वनी मिळतो. तो पुन्हा फरशीवर आपटून वर जातो, पुन्हा येतो, आणि घुमटाच्या वळणामुळे दर वेळी मध्याशीच गोळा होतो. दोन पावलं बाजूला सरका, जादू बरीच ओसरते. फरशीवर ती जागा दाखवलेली आहे आणि रोज पर्यटक तिथे उभे राहून टाळ्या वाजवतात.

विजापूरच्या गोल घुमटात जे होतं ते थोडं निराळं. तिथे कुजबुज वरच्या गोल सज्ज्याच्या भिंतीला धरून सरकत जाते आणि समोरच्या टोकाला ऐकू येते. इस्फहानात आवाज उभा चढतो आणि उतरतो.

घुमट दुहेरी आहे, हेही ध्यानात घ्यायला हवं. बाहेरचा घुमट पन्नास मीटरहून उंच आहे, शहराबाहेरून दिसावा म्हणून. आत मात्र दुसरा, बुटका घुमट. बाहेरची उंचीच आत ठेवली असती तर निनाद आणखी लांबला असता आणि प्रवचनाचा एक शब्द दुसऱ्यात विरघळला असता. कारागिरांनी हे सारं आकडेमोड करून ठरवलं असा दावा मी करणार नाही. पण पिढ्यानपिढ्या घुमट बांधणाऱ्या मिस्त्रींना कोणती खोली कशी बोलते हे ठाऊक नव्हतं असं समजणं त्यांच्यावर अन्याय आहे.

चौकातला गोंगाट दाराशी कसा थांबतो?

शेख लुत्फुल्ला मशीद मला या दृष्टीने सगळ्यात शिकवणारी वाटते. 1619 मध्ये ती पुरी झाली. तिला मिनार नाही, अंगण नाही. दार थेट चौकात उघडतं, जिथे दिवसा बाजार आणि संध्याकाळी डोंबारी, पहिलवान, कथेकरी असत. दारातून आत गेल्यावर मात्र सरळ घुमटाखाली पोहोचता येत नाही. डावीकडे वळणारी एक अंधारी बोळकांडी लागते, ती पुन्हा वळते, आणि मग माणूस एकदम सोनेरी घुमटाखाली उभा राहतो.

वळणाचं मुख्य कारण दिशा आहे. चौकाची रेघ आणि मक्केची दिशा जुळत नाहीत, म्हणून माणसाला फिरवून आणावं लागलं. पण त्याचा परिणाम कानावरही होतो. बारीक, कर्कश आवाज सरळ रेषेत जातात, वळणाशी अडखळतात. बोळकांडीच्या पहिल्या वळणावर फेरीवाल्यांच्या आरोळ्या विरतात, दुसऱ्यावर उरलेला गलका मंद होतो. बाहेर दुपार कितीही तापलेली आणि गजबजलेली असो, आत माणूस आपल्याच पावलांचा आवाज ऐकतो.

आली कापूचं संगीतदालन: खरं किती?

या महालाच्या वरच्या मजल्यावर एक दालन आहे. भिंती आणि छत पातळ गिलाव्याचे, आणि त्यात सुरया, कुपी, वाट्या अशा आकारांची कोरीव भोकं, मागे पोकळी. वाटाडे सांगतात की ही रचना संगीतासाठी केली. काही तर असंही सांगतात, की गवई निघून गेल्यावरही सूर भिंतींत राहायचे. दुसरं सोडून द्या, ते शक्य नाही. पहिल्याचं काय?

अरुंद तोंडाची पोकळी ठरावीक उंचीच्या स्वराला साथ देते आणि त्याचा जोर शोषून घेते. हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात याचा हिशेब मांडला. शिवाय वेडावाकडा, भोकाभोकांचा पृष्ठभाग आवाजाला एका दिशेने परत न पाठवता विखरून टाकतो. त्यामुळे तिथे निनाद कमी असतो आणि तंतुवाद्याचा झंकार स्वच्छ ऐकू येतो. इतकं भौतिकशास्त्र मान्य करतं.

आक्षेप असा, की हुबेहूब असे कोनाडे अर्दबील इथल्या शेख सफीच्या दर्ग्यातही आहेत. तिथलं दालन चिनी मातीची भांडी मांडण्यासाठी होतं. शाह अब्बासने 1611 मध्ये तिथे 1162 चिनी भांडी अर्पण केली. मग आली कापूतले कोनाडेही भांड्यांसाठीच नसतील कशावरून? मला वाटतं दोन्ही बाजू एकाच वेळी खऱ्या असू शकतात. आकार भांड्यांवरून आला असेल. पण ज्यांनी तिथे बसून गाणं ऐकलं, त्यांना दालनाचा गुण कळल्यावाचून राहिला नसेल.

कहवाखान्यातले तीन वक्ते

चौकाच्या कडेला आणि चहारबाग रस्त्यावर कहवाखाने, म्हणजे कॉफीची दुकानं, होती. शार्दांने त्यांचं जे वर्णन केलं आहे त्यात या शहराची बोलायची आणि ऐकायची रीत दिसते. एका कोपऱ्यात मुल्ला उभा राहून प्रवचन करतो आहे. समोरच्या कोपऱ्यात नक्काल, म्हणजे वीरकथा सांगणारा, रुस्तुमाची गोष्ट रंगवतो आहे. तेवढ्यात एखादा दरवेश आत येऊन जगाच्या असारतेवर बोलू लागतो. तिघेही एकाच वेळी. बाकीचे बुद्धिबळ खेळतात, हुक्का ओढतात, हवं त्याचं ऐकतात. कोणावर ऐकण्याची सक्ती नाही, आणि एकाने दुसऱ्याला गप्प केलेलं नाही. बोलून झालं की वक्ते श्रोत्यांकडून पैसे गोळा करतात.

भाषाही एक नव्हती. दरबारात तुर्की चालायची, बाजारात फारसी. जुल्फाचे व्यापारी आपसांत आर्मेनियन बोलत, शाहच्या चाकरीतले जॉर्जियन आपली भाषा. हिंदुस्थानातून आलेल्या सावकार-व्यापाऱ्यांची संख्या काही हजारांत होती, त्यांच्या बोली वेगळ्याच. इंग्रज आणि डच कंपन्यांच्या वखारी होत्या. बाजारात नुसतं उभं राहूनही कोण कुठला हे कानाने ताडता यायचं.

जे ऐकू येत नव्हतं

ध्वनिपरिसराचा अभ्यास करताना गैरहजर आवाजही मोजावे लागतात. सतराव्या शतकातल्या लंडन-पॅरिसमधला माणूस गाड्यांच्या चाकांना कंटाळलेला असायचा. फरसबंद रस्त्यावर लोखंडी धावेचं चाक भयंकर वाजतं. इस्फहानात चाकाच्या गाड्या जवळपास नव्हत्या. ओझं उंट, खेचर आणि गाढवं वाहायची. उंट स्वस्त पडतो आणि त्याला रस्ता लागत नाही, म्हणून मध्यपूर्वेत चाक शेकडो वर्षं मागे पडलं, असं इतिहासकार रिचर्ड बुलिएट यांनी दाखवून दिलं आहे.

गल्ल्या मातीच्या, दोन्ही बाजूंना कच्च्या विटांच्या उंच भिंती. माती आवाज पिते. त्यामुळे बाजारापासून दोन वळणं आत गेलं की फार तर गाढवाच्या टापा, पखाल घेऊन चाललेल्या पाणक्याची हाक आणि भिंतीपलीकडच्या अंगणातलं कारंजं.

बायकांचे आवाज कुठे गेले?

वाचणाऱ्याच्या मनात हा प्रश्न आला असेल, आणि यायलाच हवा. ही सगळी वर्णनं पुरुषांची आहेत. परक्या पुरुषाला घरात प्रवेश नव्हता. त्यामुळे अंगाई, जात्या-चुलीचे आवाज, बायकांच्या हमामातल्या गप्पा, बाळंतपणं, माजघरातली भांडणं, निम्म्या शहराचं ध्वनिजीवन कागदावर जवळजवळ आलेलंच नाही.

तरी काही खुणा उरल्या आहेत. जुन्या इराणी घरांच्या दारांवर दोन वेगवेगळे ठोके असत. एका फळीवर जाड दांडा, दुसऱ्या फळीवर कडी. दांड्याचा आवाज घनगंभीर, कडीचा बारीक. पुरुष पाहुण्याने दांडा वाजवायचा, बाईने कडी. आतल्या माणसांना दार उघडण्याआधीच कळायचं की कोण आलं आहे, आणि त्याप्रमाणे दार उघडायला कोणी जायचं ते ठरायचं. पडदा डोळ्यांच्या आधी कानांनी पाळला जायचा. शाह अब्बासने चहारबाग रस्ता आणि पूल बुधवारी बायकांसाठी राखून ठेवल्याची नोंद आहे. आठवड्यातून एक दिवस त्या रस्त्याचा आवाजच बदलत असणार.

मोहरम: शहराचा सूर उलटतो

वर्षातून एकदा हा सारा नकाशा पालटायचा. मोहरमच्या दहा दिवसांत इमाम हुसेनच्या हौतात्म्याचा शोक रस्त्यावर यायचा. देल्ला वाल्लेने 1618च्या आशुराचं, म्हणजे मोहरमच्या दहाव्या दिवसाचं, वर्णन केलं आहे: अंगाला काळा रंग फासलेली, लाकडाचे तुकडे एकमेकांवर आपटून ताल धरणारी माणसं, आणि त्यांचे शोकाचे बोल. शहराचे मोहल्ले हैदरी आणि नेमती अशा दोन तटांत विभागलेले होते. त्यांच्या मिरवणुका समोरासमोर आल्या की लाठ्या चालायच्या. एरवी ज्या चौकात राजाचा नगारा सगळ्यांवर वरचढ असायचा, तिथे या दिवसांत छाती बडवणाऱ्या सामान्य माणसांचा ताल भरून राहायचा. मशहदच्या दर्ग्यात आजही शोकाच्या महिन्यांत नगारखाना बंद असतो.

पण आवाज जपायचे म्हणजे नेमकं काय करायचं?

नक्श-ए-जहान चौक 1979 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. नक्कालांची कथनकला 2011 मध्ये तातडीने जपायच्या यादीत घेतली गेली. म्हणजे दगडाला एक यादी मिळाली, कलेला एक मिळाली. पण ख्वाजू पुलाखाली संध्याकाळी जमून गाणाऱ्या माणसांना आणि त्यांना साथ करणाऱ्या पाण्याला यादी नाही. तिथल्या विटांच्या कमानी आवाजाला भरदारपणा देतात, म्हणून पिढ्यानपिढ्या हौशी गळे तिथे जातात. नदी कोरडी असली तरी माणसं गातात. मात्र पाण्याची ती खालची पट्टी नसते, आणि कमानींतला निनादही उघडा पडतो. हे कोणी धोरणात मांडत नाही, कारण नदीच्या पाणीवाटपात आवाजाला रकाना नाही. माझ्या मते असायला हवा. पात्रात किमान किती पाणी राहावं हे ठरवताना मासे, शेती आणि विहिरी यांच्या जोडीला पुलावर बसणाऱ्या शहरवासीयाचाही विचार व्हायला हवा.

कोणी म्हणेल, पाण्यावाचून शेतकरी मरत असताना आवाजाची काय मिजास? पण हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. जे पाणी पुलाखालून वाजत जातं तेच पुढे पूर्वेकडच्या शेतांना आणि गावखुनी पाणथळीला मिळतं. पूल मुका झाला याचा अर्थ खालचा शेतकरी आधीच तहानलेला आहे.

आवाज मोजण्याचं तंत्र आता फार महागही नाही. घुमटाखाली फुगा फोडायचा किंवा ठरावीक सूर वाजवायचा, चांगल्या मायक्रोफोनने त्याचा निनाद टिपायचा. त्यावरून त्या जागेची ध्वनीविषयक ओळख संगणकात साठवता येते. मग त्या खोलीत कोणतंही वाद्य कसं वाजलं असतं हे ऐकता येतं, उद्या इमारतीला काही झालं तरी. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलला 2019 मध्ये आग लागली तेव्हा आधी घेतलेली अशीच मोजमापं संशोधकांच्या हाताशी होती.

रायगडाच्या नगारखान्याच्या दाराशी हळू बोललेलं सिंहासनाच्या जागी ऐकू येतं, हे तिथे जाणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं जातं आणि बरेच जण ते करूनही पाहतात. किती अंतरावर, कोणत्या वाऱ्यात, कोणत्या सुराचा आवाज किती शाबूत पोहोचतो, याची पद्धतशीर मोजणी करून ती सगळ्यांना पाहता येईल अशी मांडायला हवी. शनिवारवाड्याच्या नगारखान्यातून निघालेला चौघडा एकेकाळी कसब्यात कुठवर पोहोचत असेल, हेही काढता येईल. दरवाजा उभा आहे, वाद्यं आहेत, ती वाजवणारी घराणी अजून आहेत.